"कॅन्सर आहे का?" : आरोग्यमंत्री आणि औषध प्रशासनाला खुलं पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. आयुक्त, अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य

विषय : नागिणीनंतर मागे राहणाऱ्या नसांच्या दुखण्यावर जिल्ह्याच्या ठिकाणी मॉर्फिन (अफूपासून बनणारं वेदनाशामक) मिळण्याबाबत

महोदय,

माझी आई दोन वर्षं झाली, पदर अंगाला लागू देत नाही. उजव्या हाताच्या चिमटीत धरून तो छातीपासून वीतभर लांब ठेवते. ओट्यावर शेंगा फोडायच्या तर डाव्या हातानं, दातांची मदत घेऊन. उजव्या हाताची चिमूट सुटत नाही. चोळी कधीच सुटली. वडिलांचा मलमलचा जुना सदरा उलटा करून घालते, कारण सुलट घातला तर शिवण लागते. आमचा तालुका दुष्काळी पट्ट्यातला. मे महिन्यात पत्रा तापून घरात बसवत नाही, तरी पंखा बंद असतो. वारा लागला की तिच्या अंगाची आग होते.

तिला नागीण झाली होती. ती कधीच बरी झाली. फोड सुकले, खपल्या पडल्या, आता उजव्या स्तनाखालून पाठीपर्यंत फिकट पांढरे डाग आहेत, बाकी काही नाही. बघायला येणारा प्रत्येक जण म्हणतो, "दिसत तर काही नाही." हे वाक्य आईला दुखण्याइतकंच लागतं.

लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की त्यांचा विषाणू मरत नाही. पाठीच्या कण्याजवळ नसांच्या मुळाशी तो वर्षानुवर्षं पडून राहतो. वय झालं, अंगातली ताकद उतरली की त्याच नसेच्या वाटेनं बाहेर येतो. म्हणून नागीण शरीराच्या एकाच बाजूला, पट्ट्यासारखी उठते. आमच्याकडे अजून म्हणतात की नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो. ती नस अंगाच्या मध्यावरच थांबते, त्यामुळे तोंड-शेपूट सहसा जुळतच नाही. पण हे मला नंतर कळलं. बाहेर येताना विषाणू नसेची नासाडी करतो. काहींची नस पुढेही खोटे निरोप पाठवत राहते : कापड लागलं तरी चटका, वारा लागला तरी सुरी. फोड येऊन तीन महिने उलटले तरी दुखणं राहिलं, तर त्याला नागिणीनंतरची नसदुखी म्हणायचं. जितकं वय जास्त, तितकी ती राहण्याची शक्यता जास्त. आई तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांची होती.

पहिली चूक आमच्या घरातलीच. ज्वारीची काढणी चालू होती. दोन दिवस बरगडीत सणक मारत होती, आम्हाला वाटलं पाटी उचलताना लचक भरली. तिसऱ्या दिवशी फोड आले. शेजारच्या काकूंनी गेरू लावला, मग दूर्वा आणि तांदूळ वाटून लेप दिला. पलीकडच्या वाडीवर नागीण उतरवणारे एक जण आहेत, ते येऊन फुंकर मारून गेले. पैसे घेतले नाहीत, हे सांगायला हवं. सहाव्या दिवशी आम्ही प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो. डॉक्टरांनी विषाणूवरचं असायक्लोव्हिर लिहून दिलं, दिवसातून पाच वेळा. मग चेहरा वर न करता म्हणाले, "हे तीन दिवसांत सुरू झालं असतं तर जास्त उपयोग झाला असता." मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. सर्पदंश झाला तर काय करायचं, कुत्रं चावलं तर काय, हे मुलांना पाठ आहे. फोड उठल्यापासून बहात्तर तासांत गोळी सुरू करायची असते, हे मला ठाऊक नव्हतं. आमच्या आशाताईंनाही नव्हतं.

पुढचं वर्ष गोळ्यांत गेलं. हा भाग थोडक्यात सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल की मी उठल्याबरोबर मॉर्फिन मागायला आले. नसांच्या दुखण्यावरचं प्रीगाबालिन सुरू केलं. डोस वाढवला तसं आईला गरगरायला लागलं आणि ती ओसरीच्या उंबऱ्यावर पडली. हाड वाचलं. अमिट्रिप्टिलिन ही नैराश्यावरची जुनी गोळी, नसदुखीलाही देतात. तिनं तोंड सुकायचं, लघवी अडायची, आणि दुपारी ती मला माझ्या मावशीच्या नावानं हाक मारायची. बधिर करणाऱ्या लिडोकेनच्या पट्ट्या तालुक्यात मिळाल्या नाहीत. शहरातून आणल्या, थोडा आराम पडला, पण महिन्याचा खर्च पाहून आईनंच बंद केल्या. मग मिरचीतल्या कॅप्सायसिनचं मलम आणलं. एकदा लावलं आणि रात्रभर बसून राहिली. सकाळी म्हणाली, "मिरचीनं मिरची कशी इझंल गं?"

त्यानंतर ट्रॅमाडॉल, हेही अफूच्या जातीचं वेदनाशामक. ते २०१४ पासून एच-१ यादीत आहे, म्हणजे औषध दुकानदारानं वहीत डॉक्टरचं नाव, रोग्याचं नाव, किती गोळ्या दिल्या हे लिहायचं आणि ती वही तीन वर्षं जपायची. एप्रिल २०१८ पासून ते अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्यातही आलं. गैरवापर होत होता म्हणून आणलं, ते बरोबरच. पण आमच्या बाजारपेठेतल्या दुकानदारानं चिठ्ठी वाचली, दुमडली आणि परत दिली. "मॅडम, हे आम्ही ठेवतच नाही. उगाच लफडं नको." मी पाच दुकानं फिरले. चौथ्या दुकानात माझ्याच एका माजी विद्यार्थ्यानं मला आतल्या बाजूला बोलावून विचारलं, "बाई, कुणासाठी आहे नक्की?" त्याच्या आवाजात काळजी होती. मला मात्र घाम फुटला.

शेवटी पुण्यात वेदनाचिकित्सेच्या डॉक्टरांकडे गेलो. तिथे पहिल्यांदा कुणीतरी आईला विचारलं, "आजी, दुखणं कसं आहे, सांगा. टोचतं, जळतं, की करंट लागल्यासारखं?" आई पाऊण तास बोलली. वर्षभरात कुणी तिला एवढं बोलू दिलं नव्हतं.

त्यांनी मॉर्फिनचा विषय काढला तो घाईनं नाही. या दुखण्यात अफूजन्य औषधं पहिल्या पसंतीची नाहीत, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत त्यांची जागा मागे, तिसऱ्या रांगेत आहे : आधीची औषधं लागू पडली नाहीत किंवा सोसली नाहीत, तरच. अभ्यास आहेत. २००२ साली नागिणीनंतर नसदुखी असलेल्या ७६ रुग्णांवर अफूजन्य औषधांची तुलना जुन्या नैराश्यविरोधी गोळ्यांशी केली गेली, दोन्हींनी वेदना उतरली. २००५ साली मधुमेहातली आणि नागिणीनंतरची नसदुखी असलेल्या ५७ रुग्णांवर मॉर्फिन आणि प्रीगाबालिनच्याच जातीचं गाबापेंटिन वेगवेगळं आणि एकत्र देऊन पाहिलं. एकत्र दिल्यावर कमी मात्रेतही दोन्हींपेक्षा जास्त आराम पडला. पण हे अभ्यास आठवड्यांचे आहेत, वर्षांचे नाहीत. वर्षानुवर्षं घेतल्यावर काय, याचा भक्कम पुरावा कुणाकडे नाही, हेही डॉक्टरांनी सांगितलं. प्रीगाबालिन आणि मॉर्फिन एकत्र असताना म्हाताऱ्या माणसाचा श्वास मंदावू शकतो, म्हणून दोन्ही कमी मात्रेत. झोपेची दुसरी कुठलीही गोळी नाही. पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून, कारण मळमळ काही दिवसांनी जाते, बद्धकोष्ठ जात नाही. चिठ्ठी एकाच डॉक्टरची. दर महिन्याला उरलेल्या गोळ्या मोजून दाखवायच्या. तीन महिन्यांत आई हिंडू-फिरू लागली नाही, तर मात्रा हळूहळू कमी करत थांबवायचं.

हळूहळू विरघळणारी गोळी, सकाळ-संध्याकाळ एकेक. दुखणं गेलं नाही. आई म्हणते, "लांब गेल्यासारखं वाटतं, शेजारच्या घरात भांडण चालल्यागत." पण ती झोपायला लागली. संक्रांतीला तिळगूळ स्वतः वळला. पदर अजून चिमटीतच असतो, पण आता मधेच तिला त्याचा विसर पडतो, आणि ते बघायला मी स्वयंपाकघराच्या दारात उगाच उभी राहते.

आता मुद्द्यावर येते. ही गोळी आमच्या जिल्ह्यात मिळत नाही. दर महिन्याला मी एक दिवस रजा टाकते, पहाटेची एसटी पकडते, पाच तास पुणे, पाच तास परत. गोळी महाग नाही, मोठ्या शहरात दोन चहाचे जेवढे होतात तेवढे पैसे दिवसाला जातात. महाग आहे तो रस्ता.

गेल्या पावसाळ्यात आम्ही गेलो तर पुण्याच्या त्या रुग्णालयात माल संपला होता. "आठवड्यानं या." त्यातच घाटात दरड आली आणि एसटी बंद. गोळ्या अचानक थांबल्या. दुसऱ्या दिवशी आईला हुडहुडी भरली, जुलाब लागले, नाक गळायला लागलं, पाय एका जागी ठेववेनात. आम्हाला वाटलं पोट बिघडलं, पाणी बाधलं. तिला सलाईन लावलं. अंगाला सवय झालेलं औषध एकदम तुटल्यानं हे होतं, असं फोनवर डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. व्यसन वेगळं आणि अंगाची सवय वेगळी, हे त्यांनी आधी समजावलं होतं. त्या रात्री ते डोळ्यांनी पाहिलं.

म्हणून मी जिल्ह्याच्या सिव्हिलला गेले. कुठला जिल्हा ते लिहीत नाही. तिथल्या माणसांवर माझा राग नाही आणि त्यांची चौकशी लागावी अशीही इच्छा नाही. तिथल्या डॉक्टरांनी कागद पाहिले आणि विचारलं, "कॅन्सर आहे का?"

"नाही."

"मग मॉर्फिन कशाला? आणि असतं तरी आमच्याकडे नाही. परवान्याचं लचांड असतं."

महोदय, या दोन वाक्यांसाठीच हे पत्र आहे.

परवान्याचं लचांड होतं, हे खरं. १९८५ चा एनडीपीएस कायदा आला तो अमली पदार्थांचा चोरटा व्यापार मोडायला. शिक्षा जबर, म्हणून रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. त्या काळात देशात वर्षाला सहाशे किलोच्या आसपास मॉर्फिन रुग्णांसाठी वापरलं जायचं, ते १९९७ मध्ये १८ किलोवर आलं. एका रुग्णालयाला चार-पाच परवाने लागत, आणि शेवटचा हातात पडेपर्यंत पहिल्याची मुदत संपलेली असे. केरळमध्ये वेदनाशमनाचं काम करणारे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याविरुद्ध वर्षानुवर्षं खेटे घातले. २०१४ साली संसदेनं कायदा बदलला. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, हायड्रोकोडोन, कोडीन ही सहा अत्यावश्यक अमली औषधं ठरली, आणि २०१५ च्या नियमांनुसार आता राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरते. महाराष्ट्रात औषध नियंत्रण म्हणजे आपलंच अन्न व औषध प्रशासन. रुग्णालयात प्रशिक्षित डॉक्टर असावा, साठ्याची नोंद असावी, वर्षाची गरज आधी कळवावी. एवढंच. आणि त्या नियमांत वेदनाशमनाची सोय आहे, ती फक्त कॅन्सरच्या रोग्यासाठी राखून ठेवलेली नाही.

म्हणजे लचांड दहा वर्षांपूर्वी सुटलं. सिव्हिलपर्यंत ती बातमी पोचलेली नाही.

तुमची भीती मला कळते. अमेरिकेत १९९६ नंतर ऑक्सिकोडोनच्या गोळ्या पाठदुखी-गुडघेदुखीला सर्रास वाटल्या गेल्या, कंपनीनं व्यसनाचा धोका लपवला, आणि किती घरं उद्ध्वस्त झाली ते जगानं पाहिलं. तसं इथे व्हावं असं मला स्वप्नातही वाटत नाही. माझ्या घरात एकोणीस वर्षांचा भाचा राहतो, गुणी मुलगा आहे, तरीही गोळ्या लोखंडी पेटीत असतात आणि पेटीची किल्ली आईच्या कनवटीला. पण आपली गत अमेरिकेच्या उलट आहे. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०१७ साली जगभरचा हिशेब मांडला : वेदनाशमनासाठी लागणाऱ्या अफूजन्य औषधांच्या जेमतेम ४ टक्के भारतीय रुग्णाला मिळतात, अमेरिकेत गरजेच्या तीस पटींहून जास्त. तिथे पूर आला म्हणून आमच्या विहिरीवर झाकण कशाला?

शिवाय झाकण नको तिथे उघडंच असतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये बीबीसीनं दाखवलं की टेपेंटाडॉल हे अफूच्या जातीचं वेदनाशामक आणि कॅरिसोप्रोडॉल हे स्नायू सैल करणारं औषध एकत्र केलेल्या गोळ्या आपल्या मुंबईतल्या एका कंपनीकडून पश्चिम आफ्रिकेत जात होत्या आणि तिथली तरुण पोरं त्यावर वाया जात होती. मग धाड पडली, निर्यात बंद झाली, त्यात आपलं प्रशासनही होतं. चांगलं झालं. पण मी तेव्हा हिशेब करत होते : कंटेनरनं गोळ्या समुद्रापार जाऊ शकतात, आणि साठ गोळ्या नोंद करून एका म्हातारीपर्यंत पोचत नाहीत.

आणखी एक, जरा आडवळणाचं. आई दिवाळीला अनरसे करते. दोन वर्षं केले नव्हते, यंदा केले. अनरसा थापताना ती खसखस पसरते, ती अफूच्याच झाडाची. मध्य प्रदेशात मंदसौर-नीमच भागात, राजस्थानात, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्यानं अफूची शेती होते. नीमच आणि गाझीपूरला सरकारचे कारखाने आहेत. कायदेशीर अफू पिकवून परदेशी पाठवणारा देश आपला. खसखस आमच्या तालुक्याच्या बाजारात पोचते, आणि बोंडाचं औषध जिल्ह्याच्या गावापर्यंतही नाही. आईला हे सांगितलं तर हसली. म्हणाली, "मंग अनरसंच खाती की चार जादा."

मी काय मागते आहे? प्रत्येक जिल्हा रुग्णालयानं आणि मोठ्या उपजिल्हा रुग्णालयानं ही मान्यता घ्यावी, असा लेखी आदेश निघावा, आणि अर्ज प्रशासनाकडे अडकू नयेत. तिथे एक प्रशिक्षित डॉक्टर असावा आणि तो रजेवर गेला किंवा बदलला तर दुसरा असावा. आमच्याकडे एक माणूस बदलला की अख्खा विभाग बंद पडतो. ज्यांचं औषध मोठ्या केंद्रात ठरलं आहे, त्यांना पुढच्या महिन्याच्या गोळ्या जवळच्या मान्यताप्राप्त रुग्णालयातून मिळाव्यात. तपासणी महिन्याला व्हावी, गोळ्या मोजल्या जाव्यात, आणि रोगी गेला तर उरलेल्या गोळ्या कुठे परत द्यायच्या ते घरच्यांना सांगितलं जावं. राज्यात कुठल्या रुग्णालयांना मान्यता आहे, त्याची यादी मराठीत, जिल्हावार, तुमच्या संकेतस्थळावर लावा. आणि औषध दुकानदारांसाठी एक पानाचं मराठी परिपत्रक काढा : ट्रॅमाडॉलची नोंद कशी ठेवायची, आणि नीट नोंद ठेवली तर घाबरायचं कारण नाही. त्या पोराची चूक नाही. त्याला कुणी सांगितलंच नाही.

हे सगळं दुखणं राहिल्यावरचं. त्याआधीचं मला जास्त लागतं. नागिणीला बहात्तर तासांत औषध, हे वाक्य आशाताईंच्या प्रशिक्षणात घाला आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर रंगवा. लेप लावायला कुणी मनाई करू नये, नाहीतर माणसं लपवतील. लेप लावून गोळीला या, एवढंच सांगा. असायक्लोव्हिर केंद्रात संपणार नाही ते बघा. नागिणीची दोन डोसांची लस २०२३ पासून आपल्याकडे मिळते, पन्नाशीनंतर घेता येते, पण किंमत अशी की मी शिक्षिका असून माझ्यासाठी विचारली आणि फोन ठेवला. ती सरकारी दवाखान्यात लगेच येईल अशी माझी समजूत नाही. निदान विचार सुरू झाला तर बरं.

त्या सिव्हिलच्या डॉक्टरांना एक निरोप द्यायचा राहिला. त्या दिवशी मी काहीच बोलले नव्हते, कागद घेऊन बाहेर आले. आई बाकावर पदर धरून बसली होती. तिनं विचारलं, "काय म्हनला?" मी सांगितलं, "कॅन्सर आहे का विचारलं." तर म्हणाली, "मग हाय म्हनायचं होतंस."

हे पत्र मी रविवारी रात्री लिहिते आहे. पेटीत सहा गोळ्या आहेत, म्हणजे बुधवार संध्याकाळपर्यंतच्या. मंगळवारची रजा मंजूर झाली आहे. एसटी पहाटे पाच चाळीसला सुटते.

आपली,
एका तालुक्याच्या गावातली शिक्षिका